गादा, भुलगा आणि देवमासा : कोकणच्या समुद्रात काय दिसतं आणि कसं बघावं

देवबाग, निवती, गुहागर, मुरुड, हर्णै... कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यावर आता डॉल्फिन सफारीचे फलक दिसतात. फलकावर बहुतेकदा पाण्याबाहेर कमान करून उडी मारणारा, निळसर, हसऱ्या तोंडाचा डॉल्फिन रंगवलेला असतो. बोटीतून प्रत्यक्ष दिसते ती एक करडी पाठ. ती वर येते, वळते आणि दोन सेकंदांत नाहीशी होते. चित्रातला प्राणी मनात धरून गेलेली माणसं मग ‘नीट काही दिसलंच नाही’ म्हणत परततात.

असं होण्याची कारणं दोन. एक म्हणजे कोकणात किनाऱ्यालगत राहणारा डॉल्फिन चित्रातल्या जातीचा नाही, त्यामुळे आपण भलतंच काही शोधत बसतो. दुसरं म्हणजे बोट ज्या पद्धतीने त्याच्याकडे नेली जाते तिनेच तो दूर जातो. दोन्ही गोष्टी बदलता येतात, आणि त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत.

किनाऱ्याजवळचा गादा

सिंधुदुर्गातले मच्छीमार ज्याला गादा म्हणतात तो म्हणजे हिंदी महासागरी कुबडा डॉल्फिन. शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. पूर्वी तो आग्नेय आशियातल्या गुलाबी-पांढऱ्या कुबड्या डॉल्फिनचाच भाईबंद म्हणून एकाच जातीत धरला जाई. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी दोघांना वेगळं केलं. आपल्याकडचा शिशाच्या रंगाचा, लांबीला साधारण अडीच मीटर. पाठीच्या मधोमध लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसलेला छोटा त्रिकोणी पर, ही त्याची न चुकणारी खूण. चोच लांब. श्वासाला वर येताना बरेचदा आधी चोच दिसते, मग कुबड असलेली पाठ, आणि खोल बुडी घ्यायची असेल तरच शेवटी शेपटी. मोठ्या गाद्यांच्या परावर पांढरट किंवा गुलाबी डाग असतात.

तो उड्या मारत नाही असं नाही, पण ते रोजचं वागणं नव्हे. त्याचा दिवस जातो मासे शोधण्यात. बोय, ढोमा, तारली असे किनाऱ्यालगतचे मासे तो खातो. नद्या पावसाळ्यात जो गाळ आणि पोषकद्रव्यं आणतात त्यावर खाड्यांच्या मुखाशी माशांची मोठी ये-जा चालते, म्हणून गादाही तिथेच घुटमळतो. पंचवीस-तीस मीटरपेक्षा खोल पाण्यात तो सहसा जात नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तो देवबागचा संगम, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांची तोंडं आणि त्यांच्या आजूबाजूचे खडक ही त्याची नेहमीची जागा, आणि ती बोटीने अर्ध्या तासाच्या आत गाठता येते.

पण याच सवयीने त्याला धोक्यात आणलं आहे. माणसाची जाळी, बंदरं, सांडपाणी आणि पर्यटकांच्या बोटी हे सगळं त्याच चिंचोळ्या पट्ट्यात आहे. जाळ्यात अडकलेला गादा श्वासाला वर येऊ शकत नाही, म्हणून गुदमरून मरतो; मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षांचं अंतर असतं. मरणाऱ्यांची जागा भरून यायला त्यामुळे फार वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

दुसरा रहिवासी भुलगा. इंग्रजीत याला डॉल्फिन नाही, पॉर्पॉइज म्हणतात. लांबी जेमतेम दीड मीटर, डोकं गोल, चोच नाही, आणि मुख्य म्हणजे पाठीवर पर नाही. वर येतो तेव्हा पाण्यात गाडीचा काळा टायर किंचित फिरून आत जावा एवढंच दिसतं. भुलगा लाजाळू असतो, बोटीच्या पुढ्यात कधी खेळत नाही, आवाज आला की बाजूला सरकतो. समुद्र अगदी सपाट असला तरच नजरेस पडतो. बहुतेक सहलींमध्ये तो जवळून निघून गेलेला कुणाला कळतही नाही.

किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात गेलं की मंडळी बदलते. तिथे बॉटलनोज आणि स्पिनर डॉल्फिन भेटतात. हवेत गिरक्या घेत उडणारा तो स्पिनर, आणि फलकांवर रंगवलेला असतो तो साधारणपणे बॉटलनोज. तासाभराच्या सहलीतली छोटी बोट तिथवर जात नाही.

पाण्यावर तरंगत येणारा पर कुणाचा हा प्रश्न नेहमी पडतो. मुशीचा, म्हणजे शार्कचा पर पाणी कापत सरळ रेषेत जातो, कारण माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिन आणि देवमाशाची शेपटी आडवी, ती वर-खाली हलते, म्हणून त्यांचा पर वर येतो, पुढे कलतो आणि बुडतो.

देवमाशाबद्दल स्पष्ट सांगायला हवं

देवमासे कोकणच्या समुद्रात आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात अभ्यासकांनी निळे देवमासे पाहिले, त्यात पिल्लासह असलेली मादीही होती. त्याच वर्षी जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला. ब्राइड्स देवमासाही या भागात दिसतो. तो उष्ण पाण्यातच राहतो, इतर मोठ्या देवमाशांसारखा ध्रुवाकडे जात नाही, आणि त्याच्या डोक्यावर तीन उभे कंगोरे असतात. अरबी समुद्रातले कुबडे देवमासे तर जगावेगळे आहेत. बाकीचे कुबडे देवमासे दरवर्षी थंड समुद्रात चरायला आणि उष्ण समुद्रात विणीला जातात, पण हे बारा महिने इथेच असतात. ओमानजवळ उपग्रह-ट्रान्समीटर लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापर्यंत आली होती.

तरीही देवबागहून किंवा दापोलीहून निघालेल्या बोटीतून देवमासा दिसेल अशी आशा धरू नका. आपला समुद्रतळ किनाऱ्यापासून फार हळूहळू खोल होतो. ही उथळ पायरी मुंबईसमोर दोनशे किलोमीटरहून जास्त रुंद आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जाते. मोठे देवमासे बहुतेक वेळ पर्यटकांच्या बोटीच्या टप्प्याबाहेर असतात. चाऱ्यामागे ते आत आले तरी ते केव्हा आणि कुठे हे आधी सांगता येत नाही. ‘व्हेल दाखवतो’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर नाही म्हणावं. नशिबाने दिसलाच तर आधी दिसेल फवारा. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ उभा आणि सहा-सात मीटरपेक्षा उंच जातो, शांत सकाळी लांबूनही कळतो.

केव्हा निघावं

पर्यटकांच्या बोटी साधारण मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. गादा पावसाळ्यातही इथेच असतो. आपण जाऊ शकत नाही इतकंच. ऑक्टोबरमध्ये लाटा पुरत्या बसलेल्या नसतात आणि पाणी गढूळ असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत चांगला काळ. मार्च-एप्रिलमध्येही जमतं, पण सकाळ लवकर गाठायला हवी.

सकाळच का, याला दोन कारणं आहेत. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. हे हलके असतात आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट ठेवतात. जमीन तापली की उलट दिशेने खारे वारे सुटतात आणि दुपारपर्यंत पाण्यावर फेसाचे ठिपके दिसू लागतात. फेस दिसू लागला की गादा शोधणं जवळजवळ संपलं, कारण त्याची पाठ आणि लाटेची सावली यांत फरक कळत नाही. भुलगा तर त्याच्या किती तरी आधीच दिसेनासा होतो. दुसरं कारण उजेडाचं. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, डोंगराच्या बाजूला असतो आणि पाण्यावर स्वच्छ उजेड पडतो. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो, पाणी चकाकतं आणि सगळंच काळं दिसतं. सूर्योदयानंतर ते साडेनऊ-दहापर्यंतची वेळ म्हणून धरावी. संध्याकाळची ‘सनसेट डॉल्फिन’ सहल सूर्यास्तासाठी छान, डॉल्फिनसाठी नाही.

भरतीचा अंदाजही स्वतः काढता येतो. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, मग बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती अकरा-बाराच्या दरम्यान येते आणि पहाटे पाच-सहाला पाणी सर्वांत खाली असतं. गावागणिक यात थोडा फरक पडतो, पण सहल ठरवायला एवढं पुरतं. हे जाणून घ्यायचं कारण खाडीच्या मुखावरची वाळूची पट्टी. पाणी उतरलं की बोट तिथे टेकू शकते. शिवाय उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराची, ओहोटी जोरात बाहेर पडते आणि समोरून येणाऱ्या लाटांना भिडते, तेव्हा त्या लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, ‘अर्धा तास थांबूया’, तर थांबावं. त्याला ते तोंड माहीत असतं.

निघण्याआधी

बोट सागरी मंडळाकडे नोंदलेली आहे का, आणि किती माणसांची परवानगी आहे, हे विचारायला संकोच करू नये. ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त असेल तर पुढची बोट घ्यावी. लाइफ जॅकेट अंगात घालून सगळे बकल लावलेले हवेत. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडताच वर सरकून तोंडावर येतं. खांद्याला धरून वर ओढून पाहा, हनुवटीपर्यंत येत असेल तर पट्टे आवळा. मुलांना मुलांच्याच मापाचं हवं. समुद्रावरच्या आणीबाणीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा.

ज्यांना बोट लागते त्यांनी उपाशी निघू नये आणि भरपेटही नाही. भाकरी किंवा पोह्यासारखं हलकं काही खावं. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास. बोटीत उलटी झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बसायला मध्यभाग किंवा मागची बाजू बरी, कारण नाळ, म्हणजे पुढचं टोक, सगळ्यांत जास्त वर-खाली होतं. नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइलच्या पडद्याकडे पाहत राहिलेल्यांना सर्वांत आधी मळमळतं.

दुर्बीण नेणार असाल तर सातपट किंवा आठपट पुरे. त्यापुढे बोटीच्या हेलकाव्याने चित्र इतकं हलतं की काही टिकत नाही. शोधायचं मात्र उघड्या डोळ्यांनी, दुर्बीण नंतर.

बोट जवळ कशी न्यावी

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, कारण इथेच सहल फसते.

किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं आणि त्यात डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. गादा टकटक असे बारीक आवाज सोडतो, ते मासा, खडक, जाळं यांवर आदळून परत येतात आणि त्यावरून त्याला समोर काय आहे ते कळतं. एकमेकांशी तो शिट्ट्यांनी बोलतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. बोटीच्या जोरात फिरणाऱ्या पंख्याभोवती बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात आणि त्यांचा कर्कश आवाज या टकटकीवर आणि शिट्ट्यांवर पसरतो. वेगाने येणारी बोट त्यामुळे दिसण्याच्या कितीतरी आधी त्याच्या शिकारीत आणि संभाषणात घुसलेली असते. मशीन बारीक केलं की हा आवाज झपाट्याने उतरतो. दूर राहण्याइतकंच हळू जाणंही म्हणूनच गरजेचं.

पद्धत अशी. पाठ दिसली की सुमारे तीनशे मीटरवरच वेग कमी करून माणूस भरभर चालेल इतपत ठेवावा. समोरून आडवं जाऊ नये आणि थेट पाठीमागून लागू नये. दोन्ही पाठलागच वाटतात. बाजूने, किंचित मागच्या अंगाने यावं आणि ते ज्या दिशेला चाललेत त्याच दिशेला समांतर राहावं. पन्नास मीटरवर थांबावं, म्हणजे पाच-सहा फायबर बोटी एकापुढे एक लावल्या तर भरेल एवढं अंतर. देवमासा असेल तर शंभर मीटर. तिथे मशीन न्यूट्रलला. पाणी अगदी शांत असेल आणि तांडेल तयार असेल तर बंदही करता येतं, पण लाटा असताना मशीन बंद झालं की बोट आडवी होते, तेव्हा हा निर्णय त्याच्यावरच सोडावा. पुन्हा निघताना पंख्याजवळ कुणी नाही ना हे बघून, हळूच.

अशी थांबलेली बोट जास्त दाखवते. गादा श्वासासाठी थोड्या थोड्या अंतराने दोन-चारदा वर येतो आणि मग मोठी बुडी घेतो. ती मिनिटभराची असू शकते, कधी काही मिनिटांची. पळवणारी बोट या मोठ्या बुडीतच धीर सोडते आणि चुकीच्या दिशेला जाते. थांबलेल्या बोटीतली माणसं पुढच्या श्वासाची वाट पाहतात. आणि मशीन शांत असेल तर तो श्वास आधी ऐकू येतो. डॉल्फिन एका क्षणात जोरात हवा सोडून लगेच नवी भरतो, त्याची स्पष्ट ‘फूः’ ऐकू येते. त्या दिशेला वळलात तर पाठ पूर्ण दिसते. कधी ते आपणहून बोटीकडे येतात. तेव्हा ना वेग बदलावा, ना दिशा, ना पाण्यात हात घालावा.

दिसलं की ओरडून हाताने दाखवण्याऐवजी घड्याळाचे काटे वापरा: नाळ म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. ‘दोन वाजता, खडकाच्या अलीकडे’ एवढं सांगितलं की सगळ्यांना एकाच वेळी सापडतं. पाण्यावर कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे आणि तिथे लक्ष ठेवावं. फोटोसाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग ठेवा आणि मागची पाठ बुडाली त्याच्या थोडं पुढे कॅमेरा धरा. परावरच्या खाचा आणि डाग प्रत्येक गाद्याचे वेगळे असतात, त्यामुळे बाजूने घेतलेला पराचा स्पष्ट फोटो अभ्यासकांच्याही कामाचा असतो.

खरा बिघाड होतो तो पाच-सहा बोटी जमल्यावर. एकाला दिसलं की फोन जातो, सगळे धावतात आणि गोल धरून उभे राहतात. आतल्या गाद्यांना बाहेर पडायला वाट उरत नाही. एका कळपाजवळ दोन, फार तर तीन बोटी असाव्यात, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी धरावी, आणि प्रत्येकीने पंधरा-वीस मिनिटांत निघावं. आई आणि पिल्लू यांच्या मधून तर बोट कधीच जाऊ नये. पिल्लू पाण्याखाली, चालता चालता, थोडं थोडं दूध पितं; आई सतत पळत राहिली तर त्याचं पिणं तुटतं. बुड्या अचानक लांबल्या, कळप एकदम घट्ट झाला, दिशा पुन्हा पुन्हा बदलू लागला किंवा शेपटी पाण्यावर आपटू लागला, तर तो त्रासला आहे. तेव्हा वेळ पुरी झाली नसली तरी निघावं.

तांडेलाला दोष देणं सोपं आहे. पण तो बोट पळवतो ती बहुतेकदा ‘अजून जवळ घ्या’ या आपल्या आग्रहामुळे आणि ‘दिसले नाहीत तर पैसे परत’ या बोलीमुळे. ती बोली लावूच नये. बसतानाच सांगावं, “दादा, मशीन बारीक ठेवा, लांबूनच बघू, घाई नाही.” पहिल्याच वाक्यात त्याच्यावरचा ताण उतरतो, आणि मग तोच तुम्हाला पाण्याच्या दहा गोष्टी दाखवतो.

खायला टाकणं, पाण्यात उडी घेऊन जवळ जाणं हे सगळं वर्ज्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन, भुलगा आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत आणि कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत हुसकावणं आणि आमिष दाखवणं हेही येतं.

बोट नको असेल तर उंच जागा गाठा. रत्नागिरीचा रत्नदुर्ग, देवगडचा किल्ला, निवतीचा किल्ला अशा समुद्रात घुसलेल्या टेकाडांवरून सपाट सकाळी दुर्बिणीने गादे दिसू शकतात. खालच्या प्राण्याला तुमचा पत्ताही नसतो, त्यामुळे शिकार, खेळ, पिल्लाला घेऊन फिरणं हे खरं वागणं तिथूनच नीट कळतं. आमच्या मते लहान मुलांना पहिल्यांदा असंच दाखवावं.

किनाऱ्याला लागलेला प्राणी दिसला तर

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. गावकरी, वनखातं, तटरक्षक दल अशा अनेकांनी खटपट करून त्याला समुद्रात नेलं, पण ते वाचलं नाही. अडकलेला प्राणी बरेचदा आधीच आजारी किंवा जखमी असतो, आणि पाण्याबाहेर त्याचं स्वतःचं वजन त्याच्या फुप्फुसांवर येतं. म्हणून दिसताच समुद्रात ढकलू नये. शेपटीला किंवा परांना दोर बांधून ओढू नये, सांधे निखळतात. पोट खाली राहील असा आधार द्या, ओलं कापड पाठीवर टाका, अधूनमधून पाणी ओता, सावली करा. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र उघडं ठेवा. त्यावर कापड नको, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. त्याच्या श्वासासमोर तोंड नेऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण काही जंतू माणसाला लागू शकतात.

वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा. फोनवर गाव आणि किनाऱ्याचं नेमकं ठिकाण, प्राणी जिवंत आहे का, अंदाजे लांबी, पाठीवर पर आहे की नाही, आणि पाणी चढतंय की उतरतंय, एवढं सांगा. मेलेला असला तरी कळवा; वनखात्याच्या कांदळवन कक्षाची माणसं मोजमाप घेतात, नमुने घेतात, आणि कोणत्या किनाऱ्यावर कशाने मरण आलं याचा माग त्यातूनच लागतो.